नवं इंजिन की नवी गाडी?

मित्रांनो, परतवाड्याच्या आणि अचलपूरच्या मुलांना ‘शकुंतला’ कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगायचं तर मूर्तिजापूर ते अचलपूर अशी सुमारे पाऊणशे किलोमीटर धावणारी, अडीच फुटी रुळांवरची ती चिमुकली रेल्वे. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तिथून थेट इंग्लंडच्या गिरण्यांकडे नेता यावा म्हणून इंग्रजांच्या काळात ती सुरू झाली. तिचं वाफेचं इंजिनसुद्धा मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं! सत्तर वर्षं ते राबराब राबलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेलचं इंजिन आलं.

मग काय, गाडी भरधाव सुटली असेल, नाही? छे! रूळ तेच, पूल तेच, वळणं तीच. गाडी पुढेही तासाला वीसेक किलोमीटरनेच डुलत डुलत जायची. अचलपूरहून मूर्तिजापूरला पोचायला चार तास हे ठरलेलंच. कोळशाची आणि पाण्याची कटकट गेली, तो फायदा खरा. पण वेग काही वाढला नाही. कारण गाडीला मागे ओढत होतं ते काही एकटं इंजिन नव्हतं. (पुढे ती गाडीच बंद पडली. घरी आजोबा असतील तर त्यांना तिच्याबद्दल जरूर विचारा. संध्याकाळ कशी जाईल कळणारही नाही.)

आता कॉम्प्युटरच्या लेखात ही रेल्वे कुठून आली? सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्या घरांनी हौसेने गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करून घेतला, त्यांच्या टेबलावर आज एक छोटी शकुंतलाच बसलेली आहे. चालू करून चहा पिऊन या, तरी ती आपली सुरूच होतेय. खेळ रंगात येतो आणि नेमकं तेव्हाच चित्र अडखळतं. मग घरात हा संवाद ठरलेला.

“बाबा, हा कॉम्प्युटर लय हळू चालते जी. नवा घेऊन द्या नं!”

“चालू तं आहे! मंग नवा कायले पाह्यजे?”

गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. आणि प्रश्न साधा नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत कापसाचा किंवा संत्र्याच्या बहराचा पैसा वर्षातून एकदा-दोनदाच हाती येतो. तो एकदा चुकीच्या ठिकाणी गेला, की पुन्हा ‘बाबा, अजून एक पार्ट लागतो’ म्हणायची सोय राहत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच बसून आपल्या गाडीला नेमकं काय अडवतंय ते शोधून काढू या. त्याला एक पैसाही लागत नाही.

पहिली गोष्ट खास आपल्या भागातली : ऊन आणि धूळ. विदर्भाचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. बाहेर ४४-४५ अंश असले, की कॅबिनेटच्या आत काय होत असेल? प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला, की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. त्यात परतवाडा म्हणजे लाकडाचा बाजार. मेळघाटच्या पायथ्याचं गाव! आरामशीन जवळ असेल तर लाकडाचा बारीक भुसा पंख्याच्या पात्यांवर थर करून बसतो. तेव्हा आठवून पाहा, हाच खेळ डिसेंबरात नीट चालत होता आणि मे महिन्यातच अडखळतोय का? तसं असेल तर काहीही विकत घेऊ नका! बटण बंद करा, प्लग काढून ठेवा, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. ब्रश फिरवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची पेस्ट पाच-सहा वर्षांत वाळून जाते. ती मोठ्यांना सोबत घेऊन किंवा दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. आणि हो, आपल्या खिडकीतला पाण्याचा कूलर खोलीला गार करतो म्हणून त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओल आणि वीज यांचं जमत नाही.

धूळ झाली, गारवा झाला, तरी मशीन रडतंच आहे? मग नाडी पाहू. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक कार्ड यांच्या रेषा वरखाली होताना दिसतात. जो शंभराला टेकून बसलाय, त्याच्याकडे बोट दाखवायचं. डिस्क शंभर आणि बाकी सगळे निवांत? दोषी डिस्क. मेमरी नव्वदच्या वर? रॅम अपुरी.

प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांच्यातला वाद मात्र थोडा अवघड. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं हवी असतील, तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसरने ठरवायचं की कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली. आणि कार्डाने ते रंगवायचं. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्यासाठी दुसरा थांबून राहतो. आता एक युक्ती करा. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. गुणाकार करून पाहा : २०,७३,६०० ठिपक्यांऐवजी आता फक्त ९,२१,६०० ठिपके रंगवायचे. रंगाऱ्याचं काम निम्म्याहून कमी झालं! आता खेळ सुसाट पळाला, तर अडथळा कार्डाचा होता. काहीच फरक पडला नाही, तर बिचाऱ्या कार्डाला सोडा, प्रोसेसर दमलाय.

एक मशीन उदाहरणाला घेऊ. २०१७ साली अशी हजारो मशीनं असेंबल झाली : इंटेलचा आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, एच-११० मदरबोर्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. तुमच्याकडे बहुधा याचंच भावंडं असेल.

सगळ्यात आधी हार्ड डिस्क. तिच्या आत तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत वाट पाहायची, सुई सरकवायला आणखी वेळ; एक तुकडा उचलायला सरासरी बारा मिलिसेकंद गेले असं धरा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे! विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. आता कळलं चहा कुठे जातो ते? एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, ती सेकंदाला असे हजारो तुकडे सहज देते. जुन्या मशीनला एसएसडी लावणं हा माझ्या मते सगळ्यात समाधानाचा खर्च. सायबरपंक २०७७ सारख्या खेळाने तर २०२३ पासून एसएसडी सक्तीचीच केली. पण एक सांगून ठेवतो : एसएसडीने मशीन लवकर सुरू होईल, खेळ लवकर उघडेल, चालू खेळातली चित्रं मात्र फारशी वाढणार नाहीत. तसं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला शकुंतलेचं डिझेल इंजिन विकतोय.

दुसरी ती रॅमची एकटी पट्टी. बोर्डाला रॅमकडे जायचे दोन रस्ते असतात. एकच पट्टी असली तर एकच रस्ता वापरला जातो. तशीच आणखी एक आठ जीबीची पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली, की जागाही दुप्पट आणि रस्तेही दोन.

मग कार्ड. इथे घाई नको. तुम्ही काय खेळता? माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट, जुनं जीटीए फाइव्ह? एवढ्यासाठी १०५० टीआय अजून पुरतं. पण २०२४ च्या अखेरीस आलेला इंडियाना जोन्सचा खेळ किंवा २०२५ मधला नवा डूम घ्या. त्यांना प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं खास यंत्र कार्डातच लागतं. १०५० टीआयवर ते हळू चालत नाहीत, चालतच नाहीत. शिवाय ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणं थांबवलं. सुरक्षेची डागडुजी तेवढी ऑक्टोबर २०२८ पर्यंत ठेवली. नवं कार्ड घेताना मात्र आधी एसएमपीएसकडे पाहा. त्यावर छापलेले वॉट आणि तो खरोखर देतो ते वॉट यांत, स्वस्त मालात, बरंच अंतर असतं. त्यात संध्याकाळी विजेचा दाब खालीवर होतो, शेताकडच्या मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद होतात. दमलेल्या एसएमपीएसवर तगडं कार्ड लावणं म्हणजे चालू खेळात मशीन फटकन बंद! म्हणूनच वेगळी वायर न लावता फक्त बोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या विजेवर चालणारी कार्डं अशा घरांना बरी. आरटीएक्स ३०५० चा २०२४ मध्ये आलेला सहा जीबीचा प्रकार सत्तर वॉटमध्ये भागवतो.

राहिला प्रोसेसर. आणि खरी मेख इथे आहे! त्या एच-११० बोर्डावर बसू शकणारा तगडा प्रोसेसर कोणता? आय-सेव्हन ७७००. तोही २०१७ चाच. पुढच्या पिढीचा आय-फाइव्ह ८४०० त्याच आकाराच्या खाचेत बसतो, पिनाही तितक्याच. पण बोर्ड त्याला ओळखत नाही, मशीन सुरूच होत नाही. रूळ संपले!

त्याच २०१७ साली तुमच्या शेजारच्या मित्राने एएमडीचा रायझन फाइव्ह १६०० आणि बी-३५० बोर्ड घेतला असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या बोर्डाचं बायोस अद्ययावत केलं, की पुष्कळदा २०२२ मध्ये आलेला रायझन फाइव्ह ५६०० त्यात चालतो. (आपला बोर्ड यादीत आहे का, हे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर तपासूनच पैसे द्यायचे.) एकाच वर्षी, जवळपास सारख्याच पैशांत घेतलेली दोन मशीनं, एकाला पुढचा रस्ता होता, दुसऱ्याला नव्हता.

आई-बाबांनी हा पुढचा भाग जरूर वाचावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देण्यात आली. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि रायझनच्या २००० मालिकेपासून पुढे चालतं. म्हणजे आपला ७४०० बाद, आणि हौसेने शोधून आणलेला ७७०० सुद्धा बाद! ज्या कॉम्प्युटरवर मुलगा खेळतो, त्यावरच घरातली बँक आणि परीक्षेचे फॉर्म असतील तर हे महत्त्वाचं आहे. म्हणून या मशीनसाठी जुना ७७०० घेऊ नका, असं मी स्पष्टच म्हणेन. तो पैसा त्या बोर्डातच पुरला जातो.

मग सगळंच नवं घ्यायचं? नाही, मधली एक वाट आहे. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा : ‘तू माझ्या पुढच्या मशीनमध्ये येशील का?’ एसएसडी म्हणेल, येईन. कार्ड, मॉनिटर, कीबोर्ड, चांगला एसएमपीएस, कॅबिनेट, सगळे येईन म्हणतील. यंदाच्या बहरात एसएसडी आणि हवं तर कार्ड घ्या. पुढच्या वर्षी फक्त बोर्ड आणि प्रोसेसर बदला. तेव्हा जुनी रॅमसुद्धा विसरू नका. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी डीडीआर-४ रॅमवर चालणारे बोर्डही निघाले आणि एएमडीचे एएम-४ बोर्ड तर त्याच रॅमवर चालतात. डीडीआर-५ चा बोर्ड घेतलात तर मात्र जुन्या पट्ट्या कपाटात. हे सांगायचं कारण, एआयच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले. घरात असलेली रॅम म्हणजे आता घरात असलेलं धान्य!

भाव दर महिन्याला बदलतात, म्हणून इथे आकडे छापत नाही. वहीचं एक पान घ्या. एका बाजूला ‘आत्ता दुरुस्तीला’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सगळं नवं’ असे भाव दोन-तीन दुकानांतून विचारून लिहा. दुरुस्तीच्या यादीतली जी वस्तू पुढे येणार नाही, तिच्याखाली लाल रेघ मारा. लाल रेघांचीच बेरीज नव्या मशीनच्या निम्म्यावर गेली तर थांबा, आणखी एक हंगाम वाट पाहा. हे पान बाबांपुढे ठेवा. नुसत्या ‘घेऊन द्या नं’पेक्षा त्याचा परिणाम चांगला होतो!

जुनं कार्ड कुणाकडून घेत असाल तर ते आपल्यासमोर अर्धा तास एखादा जड खेळ चालवून पाहा आणि मगच पैसे द्या. अमरावती इथून पन्नासेक किलोमीटर. बिघडलेलं कार्ड परत द्यायला एसटीच्या दोन फेऱ्या कोण करणार? नव्या वस्तूचं पक्कं बिल मागा आणि वॉरंटी संपेपर्यंत सांभाळा.

बाहेर निघालेली हार्ड डिस्क फेकायची नाही. फोटो आणि शाळेची कामं साठवायला ती नव्या मशीनमध्येही जोडून ठेवता येते. ७४०० आणि त्याचा बोर्ड कधी मोकळे झाले, तर त्यावर लिनक्स टाका, जुनी एखादी छोटी एसएसडी मिळाली तर लावा, आणि लहान बहिणीला द्या. टायपिंग, चित्रं आणि पायथॉन शिकायला तेवढं मशीन बक्कळ झालं. अगदीच मेलेला बोर्ड आणि वायरी मात्र शेताच्या बांधावर जाळू नका; तो धूर विषारी असतो. कचऱ्यात टाकण्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या.