दीड इंचाचा तंटा

जालन्याच्या मस्तगड भागातल्या एका गल्लीत घर जवळपास पुरं होत आलं होतं आणि काम बंद होतं. माणसं नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. प्लंबर होता, फरशीवाला होता, वॉटरप्रूफिंगचे मामा होते आणि तिघांचीही माणसं जिन्यावर बसून होती. जालन्यात सळई गावातल्याच गिरण्यांत तयार होते, सिमेंट फोनवर येतं. मग काम अडतं ते कशानं, हे पाहायला मी आत शिरलो.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये प्लंबरच्या सोल्युशनचा उग्र वास भरला होता. तिघेही एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते: नहाणी ट्रॅपचं, म्हणजे अंघोळीचं पाणी जिथून खाली जातं त्याचं, तोंड हवं त्यापेक्षा दीड इंच वर आलं होतं.

बाथरूमचा स्लॅब मुद्दाम खाली सोडलेला असतो. त्यात प्लंबर पाइप आणि ट्रॅप बसवतो, मग वॉटरप्रूफिंग होतं, पाणी भरून गळती तपासतात, विटांचा कोबा भरतात आणि शेवटी फरशी बसते. पाच फूट लांबीच्या बाथरूमला 1:80 चा उतार धरला तरी पाऊण इंच लागतो. इथं ट्रॅपच दीड इंच वर. म्हणजे अंघोळीचं पाणी ट्रॅपकडे न जाता उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये येणार.

"महं काम तव्हाच पास झालं," प्लंबर म्हणाला. "कोब्याला छिन्नी लागली की महि गॅरंटी संपली," मामा म्हणाले. फरशीवाल्याचं म्हणणं एवढंच, की त्याची चार माणसं बसून आहेत आणि बसल्याची हजेरी त्याला कोणी देत नाही.

साइटचा सुपरवायझर तिशीतला. तो कुणावर ओरडला नाही. त्यानं आधी पाण्याची लेव्हल नळी मागवली. प्लंबरच्या हाताखालचा पोरगा एक टोक घेऊन पॅसेजमध्ये उभा राहिला, दुसरं टोक सुपरवायझरनं बाथरूममध्ये धरलं. नळीत बुडबुडा अडकला होता, म्हणून पोरानं नळी उंच करून दोनदा टिचक्या मारल्या. मग दोघांनी एकदमच अंगठे काढले. पाणी वर-खाली झालं, डुलत राहिलं आणि थांबलं. पोरानं श्वाससुद्धा रोखून धरला होता. पेन्सिलीची खूण झाली, टेप लागला. दीड इंच. तेवढा वेळ तिघंही गप्प होते. नळीतल्या पाण्यावर सगळ्यांचा विश्वास होता, एकमेकांवर नव्हता.

मग निघाली साइटची वही. प्लंबरचं काम पास झाल्याची नोंद आधीची. त्यानंतर काही पानांनी दुसरी नोंद: पॅसेजला कोटा फरशीऐवजी व्हिट्रीफाइड टाइल, खाली घरमालकाची सही. हिशेब तिथंच उलगडला. 25 मिमीचा कोटा आणि खाली दीड इंच माल, मिळून अडीच इंच. टाइल 10 मिमी आणि खाली 15 मिमी माल, मिळून एक इंच. पॅसेजची फरशी दीड इंच खाली गेली, ट्रॅप मात्र जुन्याच हिशेबावर राहिला. प्लंबरचं माप चुकलं नव्हतं आणि फरशीवाल्याचंही नाही. दुकानात टाइल पसंत झाली, तेव्हा प्लंबरला कुणी फोन केला नव्हता.

पॅसेज दीड इंच उचलून घ्यावा, अशीही सूचना आली. पण किचनची फरशी नव्या लेव्हलनं बसली होती, दारं त्या हिशेबानं तासली होती. शिवाय तेवढ्या मालाचं वजन स्लॅबवर दर चौरस मीटरला 80 किलोच्या आसपास वाढतं. म्हणजे ट्रॅप फोडणं आलंच.

मग दुसरा वाद. मलबा कोण उचलणार? मस्तगडचा किल्ला निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानानं 1725 मध्ये बांधला. त्याच्या आसऱ्यानं वाढलेल्या जुन्या वस्तीत ही गल्ली अशी अरुंद, की ट्रॅक्टर आत येत नाही. प्रत्येक घमेलं डोक्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचं. आणि फोडल्यावर पुन्हा पाणी भरून तपासायचं, तर नळाचं पाणी रोज कुठं येतं? टँकर विकत घ्यायचा. तो कुणाच्या खिशातून?

कायद्यानं पाहिलं तर या तिघांचा एकमेकांशी करारच नाही. प्रत्येकाचा बोलीचा व्यवहार मुख्य ठेकेदाराशी. 1872 चा करार कायदा प्लंबरला फरशीवाल्याकडे बोट दाखवू देईल, पण त्याच्याकडून भरपाई मागायला आधार देणार नाही. मोठ्या प्रकल्पांत हे भांडण कागदावरच संपवतात. नागपूर मेट्रोनं फाइव्ह-डी बिम, म्हणजे सगळं बांधकाम आधी संगणकावरच्या आराखड्यात उभं करण्याचं तंत्र वापरलं. अशा आराखड्यात पाइप तुळईला धडकणार असेल तर ते काँक्रीट पडण्याआधीच दिसतं. घराच्या कामाला सॉफ्टवेअर नको, प्रत्येक खोलीत तयार फरशीपासून एक मीटरवर मारलेली रेघ पुरते. ती रेघ इथंही होती. टाइल बदलल्यावर ती खाली घ्यायची राहिली.

निवाडा असा झाला: ट्रॅप आणि पाइपचा सामान-खर्च मालकाचा, प्लंबरनं मजुरी सोडायची, मामांनी निम्म्या पैशात पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचं, मलबा फरशीवाल्याच्या माणसांनी उचलायचा. टँकर ठेकेदाराचा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तासाभरात छिन्नीचा आवाज सुरू झाला.

सुपरवायझरचं कसब मला मान्य आहे. त्यानं आवाज न चढवता काम चालू केलं, आणि या कामाचा वेगळा पैसा त्याला कुणी देत नाही. निवाडा मात्र मला पटला नाही. प्लंबर खाली उतरताना म्हणाला, "रनिंग बिल अडकलंय भाऊ, नाही म्हणून काय करू?" मजुरी त्यानं चुकीसाठी सोडली नव्हती, थकलेल्या बिलासाठी सोडली होती. ज्याचे पैसे अडकलेले, तोच आधी नमतो. कोणाचीही चूक नसताना तिघांच्या माणसांनी मालकाच्या पसंतीची किंमत मोजली.

तुमचं घर चालू असेल आणि फरशी बदलायची मनात असेल, तर जरूर बदला. पण दुकानात पैसे देण्याआधी प्लंबरला आणि फरशीवाल्याला एकाच खोलीत उभं करा, भिंतीवरची रेघ त्यांच्यासमोर नव्यानं मारून घ्या. आणि तरीही फोडायची वेळ आली, तर त्याची मजुरी तुम्ही द्या.