एक्सोसोम थेरपीने दमा बरा होतो का? जाणून घ्या यामागचं विज्ञान

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगभरात २६.२ कोटी लोकांना दमा होता. इनहेलरने त्रास आटोक्यात राहतो, पण आजार मुळापासून जात नाही. त्यामुळे ‘एक्सोसोम थेरपी’चं नाव ऐकलं की आशा वाटणं साहजिक आहे. पण हे एक्सोसोम म्हणजे नेमकं काय?

दम्यात काय बिघडतं?

ॲलर्जीच्या दम्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा धूळ किंवा परागकणांनाही शत्रू समजते. टी-हेल्पर २ पेशी आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ ही रसायनं सोडतात. मग श्वासनलिकांना सूज येते, चिकट कफ वाढतो आणि धाप लागते. या यंत्रणेला आवर घालतात त्या रेग्युलेटरी टी पेशी. दम्यात नेमका हाच ब्रेक कमी पडतो.

एक्सोसोम काय करतात?

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या. १९८० च्या दशकात त्यांचा शोध लागला, तेव्हा तो पेशींचा कचरा मानला गेला. प्रत्यक्षात प्रथिनं आणि मायक्रो-आरएनए भरलेल्या या पिशव्या एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचवतात.

अस्थिमज्जा, नाळ किंवा चरबीतल्या मेसेन्कायमल स्टेम सेल्सचे एक्सोसोम ‘शांत व्हा’ असा निरोप नेतात. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांनी फुफ्फुसांची सूज कमी झाली. दम्याच्या रुग्णांच्या रक्तपेशींवर प्रयोगशाळेत ते वापरले, तेव्हा रेग्युलेटरी टी पेशींना बळ मिळालं.

मग उपचार का मिळत नाही?

उंदरांना दमा मुद्दाम घडवलेला असतो; माणसाचा दमा वर्षानुवर्षांचा आणि अनेक प्रकारचा असतो. डोस किती द्यायचा, प्रत्येक बॅच सारखीच कशी बनवायची, हे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने तर २०१९ मध्येच मान्यता नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांबाबत सावधगिरीचा इशारा दिला होता. भारतातही आयसीएमआरच्या मान्यताप्राप्त स्टेम सेल उपचारांच्या यादीत दमा नाही.

रुग्णांनी काय करावं?

कुणी पैसे घेऊन हा उपचार देऊ करत असेल, तर एकच प्रश्न विचारा: ही चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’मध्ये नोंदलेली आहे का? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय इनहेलर बंद करू नका. सूज पुन्हा वाढली, तर दम्याचा झटका जिवावर बेतू शकतो.