दारू सुटल्यानंतर

वर्ग सुटल्यावर एक विद्यार्थी मागें घुटमळला आणि हळूच म्हणाला, "सर, बाबांनीं दारू सोडून आठ महिने झाले. मग घरांत अजून सगळ्यांना भीति कां वाटते?" आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण उत्तर नीटसें देतां आलें नाहीं. शाळेच्या वार्षिकांत असला विषय कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या मुलाच्या घरीं हा प्रश्न रोज संध्याकाळीं उभा राहतो, त्यास हा विषय परका नाहीं. म्हणून तें राहिलेलें उत्तर येथें देण्याचा यत्न करीत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, मद्यासक्ति हा केवळ दुर्गुण नव्हे, तो रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादींत त्यास स्थान आहे. वर्षानुवर्षें दारू पोटांत गेली म्हणजे मेंदू तिच्याशीं जुळवून घेतो. मग ती न मिळाल्यास हात कांपतात, घाम सुटतो, झोंप उडते, आणि कित्येकांस झटके येऊन भ्रमहि होतो. यास्तव फार पिणाऱ्या मनुष्यानें ती एकाएकीं बंद करणें धोक्याचें असतें. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावें. शरीराची ही तडफड बहुधा कांहीं दिवसांत शमते. परंतु बिघडलेली झोंप, चिडखोरपणा व उदासी ताळ्यावर येण्यास पुष्कळदां महिनेच्या महिने लागतात.

दुसरी गोष्ट मनाची. दुःख, राग, लाज सोसण्याची विद्या मनुष्य अनुभवानेंच शिकतो. सोयाबीन पावसांत सडलें, सावकाराचा तगादा आला, भावाशीं वाद झाला, तर साधा मनुष्य दोन रात्री तळमळतो, कोणाजवळ तरी बोलतो, आणि त्यांतून थोडा शहाणा होऊन बाहेर पडतो. मद्यपी त्या तळमळीवर दर वेळीं दारू ओततो. त्यामुळें तो धडा राहूनच जातो. वय चाळिशीचें होतें, पण रुसणें-रागावणें पोरवयाचें राहतें. दारू दूर झाली कीं इतकीं वर्षें झांकलेलें हें सारें उघडें पडतें. बाप शुद्धीवर असतो. पण भाजींत मीठ कमी पडलें तरी ताट सारतो. घरच्यांनाहि त्याच्या पावलांचा आवाज ऐकून दचकण्याची संवय जडलेली असते. दारू सुटणें हें एक काम. मन वाढणें हें दुसरें. पहिल्यावांचून दुसरें होत नाहीं, परंतु पहिलें झालें म्हणजे दुसरें आपोआप होतें असें नाहीं.

याचें मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारांतील मनुष्य. त्यानें डिसेंबर १९३४ मध्यें दारू सोडली. पुढल्या मे महिन्यांत अक्रन शहरीं त्याचा एक व्यवहार फसला आणि हॉटेलांत एकटा असतां पुन्हां पिण्याची ओढ लागली. तेव्हां त्यानें ठिकठिकाणीं टेलिफोन करून आपल्यासारखाच एखादा मद्यपी शोधला. त्यास उपदेश करावा म्हणून नव्हे, तर आपलें मन त्याच्याजवळ मोकळें करून स्वतः वांचावें म्हणून. तो दुसरा मनुष्य म्हणजे शस्त्रवैद्य डॉ. बॉब स्मिथ. त्या भेटींतून १९३५ सालीं 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हा स्नेहसंघ जन्मास आला. पुढें याच विल्सनला दारूवांचून राहूनहि अनेक वर्षें खोल उदासीनें ग्रासलें. १९५८ सालीं त्यानें एक लेख लिहून त्यांत निर्मळपणें कबूल केलें कीं, दारूपासून सुटका ही पहिली पायरी. भावनांचा तोल साधणें अजून बाकी आहे. लोकांनीं आपणांस मान द्यावा, सर्व आपल्या मनासारखें व्हावें, या हट्टांत त्यास आपल्या दुःखाचें मूळ सांपडलें.

या संघाच्या बारा पायऱ्या १९३९ मध्यें छापून आल्या. त्यांचा सारांश साधा आहे. माझ्या एकट्याच्या बळानें हें होत नाहीं असें कबूल करावें. आपल्याहून थोर अशा शक्तीवर भरंवसा ठेवावा. आपल्या दोषांचा प्रामाणिकपणें हिशेब मांडून तो दुसऱ्या एका मनुष्यापुढें वाचावा. ज्यांचें नुकसान केलें त्यांची भरपाई करावी, मात्र त्यायोगें कोणास नवी इजा होऊं नये. आणि आपणांस मिळालेलें दुसऱ्या पीडितास द्यावें. परमेश्वराचें रूप ज्यानें त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें मानावें, अशी मोकळीक तेथें आहे. अध्यात्म म्हणजे डोळे मिटून बसणेंच नव्हे. ज्या दुकानदारास बुडविलें त्याच्या दारीं जाऊन हप्त्यानें पैसे फेडणें, हेंहि अध्यात्मच होय.

आपल्या महाराष्ट्रांत १९८६ सालीं पुण्यास येरवड्याला डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या अर्थसाहाय्यानें 'मुक्तांगण' व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. तेथें औषधोपचाराबरोबर गटांत बसून बोलणें, व्यायाम व श्रम यांचा नेम असतो. स्वतः व्यसनांतून बाहेर पडलेले कित्येक जण तेथें इतरांस सल्ला देतात. पत्नींसाठीं 'सहचरी' नांवाचा गट आहे. कारण घर आजारी पडलेलें असतें, एकटा मनुष्य नव्हे. आणि व्यसन सुटल्याचा वाढदिवस तेथें साजरा होतो. मनाचा जन्म नवा झाला, तर त्यास वाढीचीं वर्षेंहि द्यावयास नकोत काय?

आमच्या वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवी हें संत सेवालाल महाराजांचें क्षेत्र; त्यांनीं बंजारा समाजास दारूपासून दूर राहण्याचा उपदेश केला. आणि याच वऱ्हाडांत १८७६ सालीं जन्मलेला डेबूजी हा दारूच्या पायीं उद्ध्वस्त झालेल्या घरांतलाच मुलगा. वडील झिंगराजी त्याच्या बालपणींच वारले आणि पोर आजोळीं वाढलें. पुढें स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणें दारू व मटण न देतां त्यानें गोड जेवण वाढलें. हेच पुढें गाडगे महाराज झाले. बापाचें व्यसन मुलाच्या ललाटीं लिहिलेलें नसतें, याचा याहून जवळचा दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्यास, आणि त्याच्यासारख्या सर्वांस, थोडें सांगावयाचें आहे. बाळांनो, तुमचे वडील पितात तें तुमच्यामुळें नव्हे. तुमचे गुण कमी पडले म्हणून नव्हे. त्यांना बरें करण्याचें ओझेंहि तुमच्या खांद्यावर नाहीं. पाय पुन्हां घसरला, तर तो रोगाचा उलटा फेरा समजून वडील मंडळींनीं पुन्हां उपचार सुरू करावा. भीति वाटते तर ती मनांत कोंडूं नका. विश्वासाच्या शिक्षकांस, मावशीस, डॉक्टरांस सांगा. मारहाण होत असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे; व्यसनमुक्तीच्या चौकशीसाठीं १४४४६ आहे. यांत लाज कसली?

आणि वडिलांवर विश्वास बसावयास वेळ लागला, तर तो दोष तुमचा नाहीं. विहीर आटली म्हणजे एका सरीनें भरत नाहीं. झरे हळूहळू मोकळे होतात. एके दिवशीं बाबा चुकले असतां स्वतःहून म्हणतील, "बेटा, माझं चुकलं." त्या दिवशीं समजावें कीं दारूच नव्हे, तर आंतला मनुष्यहि बरा होऊं लागला. तोंवर धीर धरावा, अभ्यास सोडूं नये, आणि एकटें राहूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.