हिंदू द्विविवाह प्रतिबंधक कायदा, मुंबई
पती वा पत्नी हयात असता हिंदू व्यक्तीस दुसरा विवाह करण्यास मनाई करणारा मुंबई प्रांताचा कायदा (१९४६). असा विवाह त्याने शून्य व दंडनीय ठरविला. संविधान अंमलात आल्यावर त्याच्या वैधतेस आव्हान मिळाले. पुत्राविना पारलौकिक कल्याण नाही, म्हणून पुत्रार्थ केलेला दुसरा विवाह हा धर्माचाच भाग होय. शिवाय मुस्लिमांना मोकळीक ठेवून केवळ हिंदूंना शिक्षा करणे हा भेदभाव होय, असा युक्तिवाद करण्यात आला. ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ या खटल्यात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला व न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी २४ जुलै १९५१ रोजी तो अमान्य केला. संरक्षण श्रद्धेस आहे, प्रत्येक धार्मिक आचारास नाही. पुत्राची गरज दत्तकानेही भागते. आणि सामाजिक सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्यास राज्य मोकळे आहे, असे छागलांचे प्रतिपादन होते. यांतील दत्तकाचा दाखला विशेष मार्मिक, कारण तो धर्मशास्त्रातूनच घेतलेला होता.

याच निकालाने मात्र व्यक्तिगत कायदे संविधानाच्या अनुच्छेद १३ च्या कक्षेबाहेर ठेवले. त्यामुळे सुधारणेस बळ देणारा हा निर्णय पुढे त्या कायद्यांतील स्त्री-पुरुष विषमतेचा आडोसाही ठरला. शबरीमला प्रकरणी (२०१८) न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतंत्र निकालपत्रात त्यामागील विचारसरणी ग्राह्य मानली नाही.

मुंबईचा हा कायदा वऱ्हाडास लागू नव्हता. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि नंतर मध्य प्रदेशात असल्याने, तेथील हिंदूंवर एकविवाहाचे सर्वसाधारण बंधन हिंदू विवाह अधिनियमाने १८ मे १९५५ पासून आले.