हीटर गार, दोष इंजिनाचा

डिसेंबरअखेर निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात झळकतो, आणि नाशिककडच्या गाडीवाल्यांना डॅशबोर्डवरच्या लाल-निळ्या नॉबची आठवण होते. वर्षभर निळ्यावर पडून असलेला नॉब लालकडे फिरतो. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी झोत कोमटच. मग गाडी गॅरेजला जाते, आणि बहुतेक वेळा तपास सुरू होतो तो डॅशबोर्डपासून: ब्लोअर, केबल, फ्लॅप. ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून आहे. ब्लोअर जोरात हवा फेकतोय आणि ती तापायला मात्र वेळ लागतोय, तर बहुतेकदा बिघाड बॉनेटखाली असतो. आणि तो थंडीपुरता नसतो, बारा महिने गाडीचं नुकसान करत असतो.

एसीला स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, हीटरला स्वतःचं असं काहीच नसतं. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एकतृतीयांश चाकांच्या कामी येते. उरलेली उष्णता काही सायलेन्सरवाटे, काही कूलंटवाटे बाहेर जाते. त्या कूलंटचा एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवलेला असतो, त्याला आपल्याकडे हीटर कॉइल म्हणतात. हीटर म्हणजे एवढंच. कूलंट तापला तर झोत तापणार. आणि कूलंट किती लवकर तापावा हे ठरवतो थर्मोस्टॅट वॉल्व्ह. त्याच्या पोटात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगलं की उघडतो. तो उघडा अडकला, तर इंजिनाची उष्णता पहिल्या मिनिटापासून रेडिएटरवाटे वाऱ्यावर जाते, आणि हीटरच्या वाट्याला उरतं ते कोमट पाणी. डिझेल गाड्यांना थोडी सवलत द्यायला हवी. ते इंजिन कमी उष्णता वाया घालवतं, म्हणून ते मुळातच सावकाश तापतं, आणि जागेवर उभं ठेवून तर फारच सावकाश. पेट्रोल गाडीने मात्र आपल्या हवेत पाच-दहा मिनिटं रस्त्यावर चालल्यावर गरम झोत द्यायलाच हवा.

दोष कुठे आहे हे गाडी चालवतानाच बरंचसं कळतं. सिग्नलला उभं असताना हीटर बरा वाटतो आणि हायवेला वेग घेतला की गार पडतो, किंवा घाट चढताना काटा वर जातो आणि उतरताना पार खाली येतो, तर संशयित एकच: उघडा अडकलेला थर्मोस्टॅट. याच्या नेमकं उलट घडत असेल, म्हणजे रेस दिली की गरम आणि उभं राहिलं की गार, तर कूलंट कमी आहे, त्यात हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप थकला आहे. डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येणं ही हवेची खूण. हवा उंच जागी जाऊन बसते आणि बऱ्याच गाड्यांत हीटर कॉइल ही अशीच एक उंच जागा असते. कूलंट वारंवार कमी होत असेल तर नुसता भरत राहू नका. गळती शोधा, आणि बाहेर गळती नसेल तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

पुढची तपासणी हाताची आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं बॉनेट उघडून आधी टाकीतली पातळी पाहावी. इंजिन गरम असताना टाकीचं झाकण कधीही उघडू नये. मग गाडी सुरू करून, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून, रेडिएटरचा वरचा होज पाईप चाचपावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर बहुतेक गाड्यांत हा पाईप बराच वेळ गार राहतो आणि वॉल्व्ह उघडल्यावर एकदम तापतो. तो पहिल्या दोन-तीन मिनिटांतच हळूहळू कोमट व्हायला लागला, तर वॉल्व्ह मिटतच नाही. मग इंजिन चांगलं तापल्यावर केबिनच्या पत्र्यातून आत जाणारे हीटरचे दोन पाईप पाहावेत. दोन्ही कोमट असतील तर कूलंटच तापलेला नाही. एक गरम आणि एक गार असेल तर बहुधा कॉइल तुंबली आहे, आणि त्यामागे अनेकदा कूलंटऐवजी ओतलेलं बोअरचं क्षारयुक्त पाणी असतं. दोन्ही चटका बसण्याइतके गरम असून झोत गार असेल, तेव्हाच दोष खरोखर डॅशबोर्डमध्ये आहे. शंका उरली तर काढलेला वॉल्व्ह पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवावं. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो डोळ्यांदेखत उघडायला हवा आणि पाणी निवताना पुन्हा मिटायला हवा. गार पाण्यातच उघडा दिसला तर प्रश्न मिटला.

आता खरी अडचण. आपल्याकडे अनेक गाड्यांत हा वॉल्व्ह जागेवर नसतोच. गाडी गरम होते म्हणून कधीतरी कोणीतरी तो काढून टाकलेला असतो. ‘आपल्याकडे थंडी कुठे आहे, इंजिन गार राहिलेलं बरं,’ हे त्यामागचं समर्थन. त्यात अर्धं तथ्य आहे: वॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळतं आणि काढला की त्या दिवसापुरतं निभावतं. पण इंजिन नव्वद अंशांच्या आसपास चालावं असंच बनवलेलं असतं. ते गार राहिलं की सेन्सर संगणकाला तसं कळवतो, संगणक जादा पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज पडतं. जळणातून तयार होणारी वाफ ऑइलमध्ये उतरते, ती उडून जाण्याइतकं ऑइल तापत नाही आणि त्याचा गाळ होतो. बीएस-६ डिझेल गाडीत तर काजळीची जाळी स्वतःला साफ करण्यासाठी इंजिन तापण्याची वाट पाहते; ते तापलंच नाही तर जाळी तुंबते. काही इंजिनांत वॉल्व्ह काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते, काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत येतो आणि गाडी उलट जास्त गरम होते. जुन्या अँबेसेडर आणि फियाट वॉल्व्हवाचून वर्षानुवर्षं धावल्या, असं कोणी सांगेल. धावल्याही असतील, पण त्यांना सेन्सर नव्हता, संगणक नव्हता, काजळीची जाळी नव्हती, आणि त्यांच्या इंजिनाच्या झिजेचा हिशेब कोणी मांडून ठेवलेला नाही.

दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, हाही भरवसा पुरता नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच उरलेला नाही. गार इंजिनाला निळा दिवा, उकळत्याला लाल, एवढ्यावर काम भागवलेलं असतं. निळा दिवा नेहमीपेक्षा बराच वेळ रेंगाळला तर ती तक्रारच समजावी. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कूलंटचं तापमान थेट वाचता येतं. पी०१२८ हा कोड आला तर त्याचा अर्थ कूलंट हवा तितका तापत नाही, असा आहे. शिवाय हीटर फक्त निफाडच्या जानेवारीसाठी नसतो. जुलैत आंबोली किंवा ताम्हिणीत काच आतून धुकटते, तेव्हा एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर काच ऊबदार ठेवतो. दोन्ही एकत्र चालू असतील तर काच लवकर स्वच्छ होते आणि बसणाऱ्याला कुडकुडावं लागत नाही.

छोट्या गाड्यांचा साधा थर्मोस्टॅट पेट्रोलच्या एका टाकीपेक्षा स्वस्त पडतो. तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला ‘वॉल्व्ह जागेवर आहे का?’ एवढं विचारा. आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा, भर मे महिना असला तरी, ती गार असतानाच सुरू करायला सांगा आणि चक्कर मारताना दहा मिनिटं हीटर लावून बघा.