करसवलत, उपकर आणि मजुराचे मूल

ज्याला प्राप्तिकर भरावाच लागत नाही, त्याला करात सवलत ती कोणती द्यावयाची? अमेरिकेने 1975 साली यावर तोड काढली: अल्प वेतनावर राबणाऱ्या, मुलेबाळे असलेल्या कुटुंबाची सवलत देय करापेक्षा अधिक भरल्यास उरलेली रक्कम सरकारने रोख द्यावी. भारतीय प्राप्तिकरात शाळेच्या शुल्काची वजावट आली, परंतु ती कर भरणाऱ्यांच्याच उपयोगाची.

दिल्ली आणि तिच्या परिसरात इमारती उभारणाऱ्या मजुरांसाठी वाट निघाली ती उपकराची. 1996 च्या कायद्यांन्वये बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर बसला. तो भरावयाचा बांधकाम करविणाऱ्याने, आणि त्यातून मजुरांच्या मुलांच्या शिक्षणास साहाय्य करावयाचे राज्याच्या कल्याण मंडळाने. (‘उपकर’ वाचताना ‘उपकार’ मनात येऊ नये, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.) 50 हून अधिक स्त्रिया कामावर असल्यास पाळणाघरही सक्तीचे झाले. दिल्लीत मीरा महादेवन यांनी तसे पाळणाघर 1969 सालीच सुरू केले होते.

अडचण आहे ती उंबरठ्यावरच. नोंदणीसाठी मागील 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. इमारत पुरी होते, ठेकेदार बदलतो, कुटुंब फरिदाबादहून गाझियाबादला जाते. तेथे राज्य निराळे, म्हणून मंडळही निराळे. मग आधीच्या दिवसांचा दाखला द्यावा कोणी? इकडे निधी मात्र साचत गेला. हजारो कोटी रुपये विनावापर राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली कठोर ताशेरे ओढले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत उपकर कायम राहिला, आणि 90 दिवसांची अटही.