तंजावरचे कीर्तन

शब्दांचा अर्थ पुरता कळला नाही, तरी स्वर ऐकून मन भरून येते, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. त्यातच कथा, तिला साजेसे वृत्त आणि भावाला अनुकूल राग एकत्र आले, म्हणजे संगीताचे सामर्थ्य अधिकच वाढते. कावेरीकाठच्या तंजावरात मराठी कीर्तनाने हे सामर्थ्य तमिळ श्रोत्यांना दाखवून दिले.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य तंजावरात १८५५ पर्यंत टिकले. या काळात तंजावरात समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांचा, तर मन्नारगुडीत अनंत मौनी यांचा मठ होता. अशा मठांमधून मराठी कीर्तन त्या प्रांतात रुजले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांची कीर्तने तंजावरात गाजली. तेथील तरुण गायक कृष्ण भागवतर यांनी या कीर्तनाची मांडणी आत्मसात केली आणि तिला कर्नाटक संगीताची जोड दिली. तमिळ हरिकथेला आज ओळखीचे असलेले रूप त्यातूनच मिळाले. १९०३ मध्ये त्यांचे निधन झाले.

या मांडणीत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी छंदरचना महत्त्वाची होती. साकीच्या चरणात २८ मात्रा असतात व सोळाव्या मात्रेवर विराम येतो. तिच्या चालीत कथा वेगाने पुढे सरकते. दिंडीचा चरण १९ मात्रांचा असून नवव्या मात्रेवर थांबतो. हा लवकर येणारा थांबा दाटून आलेल्या कंठासारखा भासतो. म्हणून करुण प्रसंगी दिंडी विशेष शोभते. गद्य निरूपण प्रसंग समजावते, पद्य त्यातील भाव जागा करते आणि चिपळ्या, मृदंग व व्हायोलिन त्याला साथ देतात.

हरिकथेत लोकप्रिय असलेले नंदनार चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शेतावर राबणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या नंदनाराला चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन घ्यायचे असते; पण धनी त्याला जाऊ देत नाही. ‘उद्या जाईन’ या आशेवर त्याचे दिवस सरत राहतात. गायक हा प्रसंग घाईने संपवीत नाही. तो एकच ओळ निरनिराळ्या स्वरावलींनी आळवतो. प्रत्येक आवर्तनाबरोबर नंदनाराची प्रतीक्षा लांबते आणि श्रोताही त्याच्यासह वाट पाहू लागतो. परक्याचे दुःख असे आपले होते, तेव्हा डोळे पाणावतात. ज्याला देवळाबाहेर ठेवले गेले, त्याच्यासाठी सारी सभा व्याकूळ होते.

मराठी कीर्तनाचा साचा, कर्नाटक राग आणि तमिळ कथा यांचा हा संगम आहे. भाषा बदलली, गाव बदलले, तरी माणसाच्या अंतःकरणाला हात घालण्याची कीर्तनाची शक्ती मात्र कायम राहिली.